डोकी मोजताना

आटपाट रस्ता होता. रस्त्याच्या एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधे कुठेतरी आमची छोटी.

मी शाळेची पायरी चढले नाही, पण डोकी मोजायला शाळा लागत नाही. आमच्या आईची रीतच होती. प्रवासात गाडी हलायच्या आधी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायचं. नुसतं बघून नाही, हात लावून. त्या दिवशी आम्ही सगळे दोन जीप करून निघालो होतो. वाटेत एका गावात नळावर पाणी प्यायला थांबलो. निघताना आई म्हणाली, "मधले, तू मोज." मी अकरा वर्षांची, खिडकी धरून बसलेली. उठले तर जागा जाणार. तेवढ्यात दुसऱ्या जीपमधून दादा ओरडला, "छोटी तुमच्यात आहे ना?"

बसल्या जागेवरून मी म्हणाले, "हो."

छोटी पाच वर्षांची. नळावरच राहिली. तासाभरानं परत आलो तर नळ ठिबकत होता आणि खाली तिचा पेला आडवा पडला होता. पोर पुन्हा दिसली नाही.

सगळे दादावर तुटून पडले. तू थोरला, तुझं लक्ष कुठे होतं? दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझं नाव घेतलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. पुढे तो घर सोडून लांब जाऊन राहिला, लग्नाकार्याला आला नाही, कुणी बोलावलंही नाही. पन्नास वर्षं उलटली.

मग त्याचाच निरोप आला. 'सगळे या. एकदा एकत्र जेवू.' मी मनाशी गाठ मारली. जायचं तर त्याच रस्त्यानं, आणि बोलायचं तर सगळ्यांसमोर.

गाडी सूनबाई चालवत होती. मी तिच्या शेजारी, मागे कुणी नाही.

"आई, फोन मोठ्या रस्त्यानं जा म्हणतोय."

"फोनला काय कळतंय? वीटभट्टीवरून डावीकडे घे."

"तुम्ही असताना मी उगाच त्याला चार्ज करते," ती हसली.

एक गाव गेलं, दुसरं गेलं. भर दुपार, दुकानं बंद, ओट्यावर कुत्रंसुद्धा नाही. तिसऱ्या गावाच्या टोकाला तो नळ दिसला. तसाच ठिबकत होता. मी उतरले. आजूबाजूला कुणी नव्हतं, फक्त ओल्या मातीचा वास.

"छोटे," मी म्हणाले, "चल. फार उशीर झाला गं."

काहीच झालं नाही. मागचं दार उघडलं, थोडं थांबले, लावलं आणि पुढे येऊन बसले. गाडी हलली आणि टिंग... टिंग... वाजू लागलं.

"मागे कुणी पट्टा न लावता बसलं की वाजतं हे," सूनबाई म्हणाली. "तुमची पिशवी असेल."

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी ती तिला दाखवली. तिचं हसू गेलं.

"बिघडलं असेल, आई... आपण गॅरेजला..."

"गाडी थांबव."

मी मागे गेले. रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटका लावला. आवाज थांबला. पट्टा मात्र सीटला टेकला नाही. वीतभर वर, फुगून राहिला. पुढे येऊन बसले, तर ओल्या मातीचा वास आता गाडीत होता.

"आई... मागे बघू नका..." आरशात बघत सूनबाई म्हणाली.

"तू समोर बघ आणि चालव. मी आहे."

दादाच्या दारात सगळं गणगोत जमलं होतं. आधी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "ऐका. त्या दिवशी दादानं विचारलं होतं. मी न मोजता हो म्हणाले. चूक माझी, शिक्षा यानं भोगली."

दादा काठी टेकत पुढे आला.

"खिडकीची जागा जाईल म्हणून ना?" तो म्हणाला. "मला तेव्हाच कळलं होतं गं, येडे."

मग तो गाडीपाशी गेला, मागचं दार उघडलं आणि खटका सोडला. पट्टा मागे गेला नाही. हळूच, कुणी खाली उतरावं तसा, सैल पडला.

त्या दिवशी आम्ही एका पंगतीत जेवलो. तेव्हापासून दर वर्षी जमतो. अबोला धरलेले बोलू लागले, दादा म्हातारपणी पोटभर हसायला शिकला, घर भरलं. निघताना मी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजते. आम्ही एकवीस. मोजणी बावीस भरते. एक डोकं ओलं लागतं, गार, माझ्या कमरेशी.

म्हणजे पहिल्या वर्षी कमरेशी होतं. दर वर्षी हात थोडा वर न्यावा लागतो. यंदा खांद्याशी लागलं.

अजून दोन-तीन वर्षांत तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर येतील. मी ठरवलंय, तेव्हा मी डोळे मिटणार नाही.