सुरतकल वर, नागपूर खाली

माझी छत्री उलटली ती नेमकी कुरखेड्याच्या सेतू केंद्राच्या दारात. काड्या आभाळाकडे आणि पाणी माझ्या डोक्यावर. आतल्या मुलाने ती हातातून घेतली, गुडघ्यावर टेकवून सरळ केली.

“कशाले आल्या?”

“एम.टेक.साठी कॉलेजं भराची हायेत. मेकॅनिकल.”

त्याने छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मेकॅनिकल... बरं.”

त्याचं नाव राजदीप. झड लागलेली, लाईन गेली की काम अर्धवट राहायचं आणि मी पुन्हा यायची. खरं तर आमच्या गावच्या टेकडीवर मोबाईलला रेंज होती... पण ते मी त्याला सांगितलं नाही.

अशीच एकदा लाईन गेली, तेव्हा त्याने हळूच विचारलं, “तुमी किती देवे?”

माझे कान तापले. आम्हा गोंडांत सारख्या देवांची माणसं भावंडं, त्यांच्यात सोयरीक होत नाही. मुलगा हे उगाच विचारत नाही.

“सात. अन् तुमी?”

“सहा.”

 बाहेर धानाच्या रोवणीच्या बायकांचं गाणं पावसाने जड झालं होतं.

भरायचा शेवटचा दिवस आला. माझ्या गुणांवर नागपूर आणि कर्नाटकातलं सुरतकल, दोन्ही मिळत होती; यादीत जे वर ठेवीन, तिथे जायचं. नागपूरहून शनिवारी घरी येता येतं. सुरतकलहून... दिवाळीत.

“नागपूर वर घ्या,” मी म्हटलं.

“काऊन? इंजिनाचं काम सुरतकललेच कराचं म्हणत होती ना तू?”

पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला, तेही असं.

“माय एकटी हाये घरी.”

“चार भाऊ हायेत तुले. एकटी कशी?”

मी पडद्याकडेच बघत राहिले. “तुमी म्हणान तर... जात नाई मी दूर.”

पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्याने माऊसवरचा हात काढून घेतला.

“मले म्हणावंच वाटते,” तो म्हणाला. “दिवसभर तेच वाटते. म्हणून तर म्हणत नाई.”

माऊस त्याने माझ्याकडे सरकवला. सुरतकल मीच वर नेलं... लॉकही मीच केलं.

तो प्रिंट काढायला वळला. कागद कधीच बाहेर येऊन पडला होता. पाठमोरा राजदीप मात्र तसाच उभा.