पाच वर्षांनी वाच

"हॉर्नने मेंढ्या हलत असत्या ना, तर आम्ही कुत्री पाळलीच नसती!"

काचेवर टकटक करत नेकाने उरुतिया या मेंढपाळ तरुणीने गाडीवाल्याला सुनावलं. रूबी डोंगराच्या रस्त्यावर तिच्या आठशे मेंढ्या ऐसपैस पसरल्या होत्या. आतला तरुण हसला... आणि त्याच्या गालाला खळी पडली. मेली खळी! तिने मुद्दाम मेंढ्यांकडे पाहिलं.

"मी डेल. नेवाडा राज्याची ओळख करून देणारी पुस्तिका आम्ही काढतोय. उरुतियाबाईंनी स्पेनकडून इथे आलेल्या बास्क मेंढपाळांवर एक पान पाठवलंय, ते—"

"गाळायचंय?"

"...तुम्हीच का त्या?"

"मीच."

"चांदीच्या खाणी, रेल्वे, जुगारअड्डे, वाळवंट... जागाच उरत नाही हो."

"आधी बघा, मग गाळा. उतरा खाली!"

तासभर चढून दोघं अ‍ॅस्पेनच्या झाडांच्या राईत पोचले. पांढऱ्या सालीवर काळी अक्षरं होती. तिच्या आजोबांचं नाव, १९५२, आणि खाली बास्क भाषेत एक ओळ.

"काय लिहिलंय?"

"'आज कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय.' अठरा उन्हाळे एकटे होते इथे. या राज्याच्या ओळखीत त्यांना एक पान मिळणारच. मी मिळवणार."

डेल अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाला, "किती खोल कोरलंय!"

"छे! खोल कोरलं की साल फुगते, अक्षरं बिघडतात. उतावळ्यांचं काम ते. चाकूच्या टोकाने नुसती रेघ ओढायची. त्या दिवशी काही दिसत नाही. झाड सावकाश काळं करतं... पाच वर्षांनी वाचता येतं."

"म्हणजे वाचायला परत यावं लागतं," तो म्हणाला. पाहत मात्र तिच्याकडेच होता.

मग काय! फोटो नीट आला नाही म्हणून तो त्या उन्हाळ्यात चारदा आला. तिच्या आईच्या हातचा मटणाचा रस्सा चारदा जेवला. चौथ्यांदा मात्र पडेल चेहऱ्याने म्हणाला, "साहेब ऐकत नाहीत गं."

"मग मी येते!"

तीनशे मैल ट्रक हाकत ती गेली आणि साहेबांच्या समोर बसली. पान छापायचं कबूल होईपर्यंत उठली नाही. शेजारच्या खुर्चीत डेलही बसून होता... नोकरीची पर्वा न करता.

ऑक्टोबरात अ‍ॅस्पेनची पानं सोन्यासारखी पिवळी झाली तेव्हा तो छापील पुस्तिका घेऊन आला. पान अकरा. आजोबांचं झाड. नेकानेने पुस्तिका छातीशी धरली, आणि इतके दिवस न रडलेली ती घळघळा रडली.

डोळे पुसून पाहते तो काय— डेल तिच्याच कुरणातल्या एका झाडावर चाकूचं टोक हलकेच फिरवत होता.

"काय लिहिलंस?"

"पाच वर्षांनी वाच."

तिने चाकू हिसकावून घेतला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्याने डोळे बारीक करून पाहिलं. साल कोरी ती कोरीच!

"आणि तू काय लिहिलंस?"

"आधी तू सांग. मला तू आवडतोस, डेल... फार आवडतोस. पाच वर्षं मला दम निघायचा नाही. तोंडाने सांग."

तो कानापर्यंत लाल झाला. "'माझ्याशी लग्न करशील?'... असं लिहिलंय."

"वाटलंच मला," ती म्हणाली. त्याचं बोट धरून तिने ते न दिसणाऱ्या रेघांवरून फिरवलं. "हे 'हो' आहे."