फाट्यापासून वस्तीपर्यंत

घोडेगावहून जुन्नरकडं निघालेली एसटी फाट्यावर थांबली, तेव्हा थंडीतला आखूड दिवस मावळायला टेकला होता. समृद्धी खाली उतरली. तिच्या पाठोपाठ आणखी कुणीतरी उतरलं आणि तिच्या काळजात धस्स झालं.

"घाबरू नका... मी गोरख. कॅडच्या क्लासमधला. शेवटच्या रांगेतला."

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, मनगटावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक डाग. घोडेगावच्या कम्युनिटी कॉलेजात संगणकावर नकाशे काढायला शिकणारी दहा-बारा पोरं होती, त्यातलाच हा. आजवर एक शब्द बोलला नव्हता.

"तुम्ही इथं कुठं?"

"पलीकडच्या वस्तीवर राहतो," तो बुटाच्या टोकाकडं पाहत म्हणाला. "चला, वाट एकच हाय."

वाट एकच होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. याच उसातून आलेल्या बिबट्यानं, तिच्याबरोबर क्लासला येणाऱ्या शीलाच्या अंगणातली शेळी उचलली होती. तेव्हापासून शीलाचा क्लास सुटला आणि समृद्धीची सोबत गेली. "पुन्हा त्यो दिसला, की तुझाबी क्लास बंद," सोपानरावांनी, तिच्या वडलांनी, बजावलं होतं. परीक्षा तोंडावर आली होती. पास झाली तर मंचरच्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायचं काम मिळणार होतं. बिबट्याची भीती होतीच. पण तो दिसला हे घरी कळेल, ही भीती त्याहून मोठी.

उसाचं पाचट सळसळलं. ती थबकली.

"बोलत राहायचं," गोरख हळूच म्हणाला. "आवाजाला बिचकतं जनावर."

"काय बोलू?"

"मला कमांड शिकवा. सर लई भरभर सांगतात. मोठ्यानं सांगा हां!"

"ट्रिम!" तिचा आवाज चिरकला. "जादा आलेली रेघ कापायची!"

"मिरर!" तो ओरडला. "अर्धं काढायचं, उरलेलं आपोआप!"

"ऑफसेट! रेघेशेजारी ठरावीक अंतरावर तशीच दुसरी रेघ!"

"म्हणजे आपण चालतोय तसं?"

ओढणी सावरत ती म्हणाली, "हो. आणि अंतर दोन हात. कमी नाही."

"मी कुठं काय म्हटलं..."

भीतीनं सुकलेल्या तिच्या ओठांवर हसू फुटलं.

मग हे रोजचंच झालं. क्लासमध्ये तो मागून तिच्या स्क्रीनकडं बघायचा. तिनं वळून पाहिलं की घाईघाईनं माऊस हलवायचा. उसातल्या वाटेवर 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"त्या बिबट्यालाबी आता पाठ झालं असंल," तो म्हणायचा. "परीक्षेला बसवू."

"तो पास होईल. तुझं सांग!"

तिच्या घराजवळचा गोठा आला की तो थांबायचा. ती घरात शिरेपर्यंत तिथंच उभा असायचा.

एका संध्याकाळी फाट्यावर उतरताना कंडक्टरनं गोरखला हटकलं, "काय राव, रोज तिकीट जुन्नरचं काढायचं अन् मधीच उतरायचं?"

एसटी निघून गेली. समृद्धी जागची हलली नाही.

"तू पलीकडच्या वस्तीवर राहत नाहीस?"

"...लेण्याद्रीच्या पायथ्याला आमचं घर."

"मग मला सोडून रोज परत... याच वाटेनं? अंधारात? एकटा?"

"फाट्यावर वडापची जीप मिळती की."

"आणि भीती?"

"न्हाई वाटत."

"खोटं!"

"वाटती," तो कसनुसं हसला. "लई वाटती. पळतच जातो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला राग. "उद्यापासून उतरायचं नाहीस. समजलं?" ती तरातरा पुढं चालू लागली. त्या दिवशी दोघांनी एकही कमांड म्हटली नाही.

गोठ्यापाशी तो म्हणाला, "आज मी ओरडत जातो. ऐकत राहा. आवाज येतोय तवर मी ठीक हाय."

ती अंगणात उभी राहिली. दाटत्या काळोखातून त्याचा आवाज येत होता... "ट्रिम! मिरर! ऑफसेट!..." हळूहळू लांब, बारीक होत जाणारा. "एक्स्टें—"

आवाज तुटला.

वस्तीवरची कुत्री एकदम भुंकली आणि तशीच एकदम गप्प झाली. समृद्धीनं बॅटरी उचलली, दुसऱ्या हातात पितळी परात घेतली आणि ती धावत सुटली.

"समे! कुठं चालली?" काठी घेऊन सोपानराव मागं पळाले.

वाटेवर गोरखचा मोबाईल पडला होता. गोरख नव्हता.

"गोरख!"

"पुढं येऊ नको!" आवाज वरून आला. ऊसतोडीसाठी उभ्या केलेल्या ट्रॉलीवर तो चढला होता. आणि पलीकडं, बांधावर, बॅटरीच्या उजेडात दोन हिरवट डोळे पेटले.

पण ती मागं सरली नाही. दगडानं परात बडवत, ओरडत राहिली. सोपानरावांनी आरोळी ठोकून काठी आपटली. बिबट्यानं मान वळवली... आणि सावकाश, जणू त्याला कसली घाईच नव्हती, तो उसात शिरला.

गोरख खाली उतरला. बाप शेजारी उभा आहे हे विसरून समृद्धीनं त्याचा हात घट्ट धरला.

"तुला काही झालं असतं तर... मी काय केलं असतं, सांग ना!"

"मला वाटलं, तू रागावलीस."

"रागावलेच आहे. आयुष्यभर रागावणार आहे तुझ्यावर."

"चालंल," तो म्हणाला. "आयुष्यभर चालंल."

सोपानराव खाकरले. समृद्धीनं हात सोडला. आता संपलं... क्लास, नोकरी, गोरख, सगळंच.

"रोज सांजच्याला आवाज ऐकतोय तुझा. जीव मुठीत धरून इकडं कशाला येतो रं रोज?"

गोरखनं मान खाली घातली. "हिला एकटीला सोडवत न्हाई, काका."

सोपानरावांनी बिबट्या शिरला त्या उसाकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "उद्यापास्नं मी गाडी घिऊन फाट्यावर येणार. चालत यायचं न्हाई कुणी."

"म्हणजे... क्लास?" तिनं चाचरत विचारलं.

"परीक्षा द्यायची न्हाई व्हय? एवढं बडवलंस परातीला, आता पेपरला घाबरती का?" आणि गोरखकडं वळून ते म्हणाले, "चला पावणं, च्या घ्या. मग मी सोडतो घरी."

घराकडं चालताना गोरख कुजबुजला, "पावणं म्हणाले. ऐकलंस?"

"आमच्याकडं सगळ्यांनाच म्हणतात," ती म्हणाली. पण तिचे कान गरम झाले होते.

ओसरीवर पाऊल टाकलं, तर आई—अंबाबाई—सोपानरावांनी गोठ्यापासूनच दिलेली हाक ऐकून आधीच चुलीपाशी गेली होती. तिनं गोरखला नखशिखांत न्याहाळलं. रोजचे स्टीलचे पेले बाजूला सारले आणि फळीवरच्या नव्या कपबश्या खाली काढल्या.