सातव्या नावाचे चाळीस फूट

हे कुणी खरं मानणार नाही. पैज लावून सांगतो. मागं एका हवालदाराला सांगितलं, तर तो अर्ध्यातूनच उठून गेला... टोपी विसरून. तरी शब्दन् शब्द खरा आहे. नले, आत्ताच हसू नकोस. तुझा आजोबा थापाड्या आहे हे साऱ्या चाळीला ठाऊक आहे. पण ही थाप नव्हे.

साल छप्पन. महिना जानेवारी. जागा परळ, एका चाळीच्या तळमजल्यावरची फिल्म कापायची खोली. आणि वेळ रात्रीची नव्हे, चांगली दुपारी तीनची.

भुतं काय घड्याळ बघून येतात?

खोलीत बुधाजी होता. लालबागचा. पंधरा वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर काढली, कान अर्धे गेले, मग शामराव नावाच्या फिल्मवाल्याकडे कात्री धरायला लागला. कान गेले, पण गिरणीनं एक विद्या दिली होती. साच्यांच्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकणार? तिथं माणसं ओठांवर बोलतात. पलीकडच्या साच्यावरचा गडी शिवी देतोय की तंबाखू मागतोय, हे बुधाजी वीस हातांवरून सांगायचा.

शामराव तेव्हा एका बाईच्या आयुष्यावर माहितीपट करत होता. बाई गिरगावात खोताच्या वाडीत राहायची, लेस विणायची. नाव आराक्सी. वाडीनं तिची आरशीबाई करून टाकली. मूळची आर्मेनियन. चाळीस वर्षांमागं तुर्की सुलतानाच्या मुलखात तिच्या लोकांची कत्तल झाली. गावंच्या गावं वाळवंटात हाकलली. हिच्या घरची आठ माणसं चालत निघाली.

पोचली एक. दहा वर्षांची ही.

तिथून बसरा, बसऱ्याहून बोट, बोटीनं मुंबई. वाडीतल्या तीन पिढ्यांच्या बाळांची टोपडी हिच्या हातची. आणि शेवट काय? गेली तेव्हा बाहेर कर्फ्यू. पेटीला चारच खांदे मिळाले. असो.

रोज सकाळी ती बोटांवर आपल्या माणसांची नावं घ्यायची. आपण देवाची घेतो तशी. बाप, आई, आजी, तीन भाऊ. सहा झाली. सातव्या बोटाशी थांबायची.

सातवी धाकटी बहीण. चार वर्षांची. नदी ओलांडताना तिचा हात हिच्या हातात होता...

आणि सुटला.

“हात सुटला, तिथंच नावपण सुटलं,” आरशीबाई कॅमेऱ्यासमोर म्हणाली. स्वतःबद्दल बोलताना ती पुरुषासारखंच बोलायची, ते वाडीला कधी सुधारता आलं नाही. “सगळं लक्षात राहिलं आणि तेवढं मी विसरला. म्हणजे ती पोरगी कधी झालीच नाही, असं होणार. तेवढं नाव मिळू दे, बाबा. मग मी जायला मोकळा.”

फिल्मच्या शेवटी शामरावानं तिला सगळी नावं घ्यायला सांगितली. सहा घेतली. मग गप्प. कॅमेरा चालूच राहिला. चाळीस फूट फिल्म... नुसतं गप्प बसणं.

“बुधाजी, ते चाळीस फूट काप,” शामराव म्हणाला. “रिकामं आहे ते.”

“रिकामं कसं? बाई बसलीय की.”

“अरे, लोक उठून चहा प्यायला जातील! काप.” असं म्हणून तो स्वतःच चहा प्यायला गेला.

सोमवार होता. बुधाजीनं रीळ यंत्रावर चढवलं. समोर तळहाताएवढा पडदा. आवाजाचं रीळ वेगळं असतं, ते त्यानं लावलंच नाही. लावून करायचं काय?

पहिल्या खेपेला काही नाही. आरशीबाई व्हरांड्यात, वेताच्या खुर्चीत. उजवा हात मांडीवर, पंजा उघडा. मागं लाकडी जिना.

कात्री उचलली. मग वाटलं, एकदा आणखी बघावं.

दुसऱ्या खेपेला... पंजा मिटलेला.

फिल्म तीच. बाई तीच. पण मूठ अशी, की आत काहीतरी इवलंसं धरलंय.

त्यानं चष्मा पुसला.

तिसऱ्या खेपेला जिन्याच्या खालच्या पायरीवर काहीतरी बसलं होतं.

चौथ्या खेपेला पायरी रिकामी...

ते खुर्चीशी उभं होतं.

पोर. चारेक वर्षांची. केसांतून पाणी निथळत होतं. हात आरशीबाईच्या मुठीत. पण बघत होती ती आरशीबाईकडे नव्हे.

बुधाजीकडे.

आणि ओठ हलवत होती.

ओठ मिटले. उघडले. जीभ दातांमागं टेकली. पुन्हा मिटले. तेच, पुन्हा तेच. समोरच्या साचेवाल्याला कळेपर्यंत माणूस सांगत राहतो ना, तसं.

बुधाजीला कळलं. हे नाव आहे.

त्यानं यंत्र बंद केलं. पडदा काळा झाला. काचेत त्याचा स्वतःचा चेहरा दिसला...

त्या चेहऱ्याचे ओठ हलत होते.

शामराव परतला तेव्हा बुधाजी दाराबाहेर घामानं निथळत उभा. सगळं ऐकून शामरावाला हसावं की रडावं कळेना.

“मग फोन कर ना! वाडीच्या तोंडाशी केमिस्टकडे फोन आहे. तिला बोलवून घेतील. सांग नाव.”

“काय सांगू? ओठांवर प, ब, म तिन्ही सारखेच. मला नाव दिसलं, ऐकू नाही आलं. तिच्यासमोर बसून ओठ हलवले तरच तिला उमगेल. फोनवर ओठ दिसतात का, शामराव?”

“मग जा आत्ताच्या आत्ता.”

“उद्या जातो.”

उद्या का? बस होती, ट्राम होती, पाचही वाजले नव्हते. पण बुधाजी भ्यायला होता. नाव मिळालं की बाई जायला मोकळी, असं तिनंच म्हटलेलं. तिचा जीव आपल्या ओठांवर? आणि ती पोर आपल्याच मागं लागली तर?

त्या रात्री रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. उद्या उजाडला तो दगडांचा आणि गोळ्यांचा. लालबागेत गोळीबार, गिरगावात गोळीबार. मग कर्फ्यू. बस बंद, ट्राम बंद. नाक्यानाक्यावर बंदुका.

बुधाजी लालबागला आपल्या बिऱ्हाडाच्या खोलीत अडकला. बायको जाईबाई आधी चिडली, मग घाबरली.

“अहो, काय पुटपुटताय? नुसते ओठ हलतायत. आवाज काढा ना!”

“अण्णा, जाईबाई? आपल्या आजीचं नाव?”

त्या काळी दर खोलीत एक जाईबाई होती. नले, मधे बोलू नकोस.

तर, नाव विसरू नये म्हणून तो ओठांवर घोळवत होता. आवाज काढून बघितला... निघेना.

तिसऱ्या दिवशी उंबऱ्याशी पावलं उमटली. ओली. इवली इवली.

चाळीचा नळ तर सकाळपासून कोरडा होता.

चौथ्या दिवशीही तीच. उंबऱ्याबाहेर, आत वळलेली. कुणी उभं राहून वाट बघावी तशी.

पाचव्या दिवशी पावलं दोन जोड्या झाली.

एक इवली... एक बाईमाणसाची.

पण घाबरू नकोस, गोष्ट गोड आहे. कर्फ्यू उठला. पहिल्या बसनं बुधाजी गिरगावात. आरशीबाई व्हरांड्यात, त्याच वेताच्या खुर्चीत. बुधाजी समोर बसला. ओठ मिटले, उघडले, जीभ टेकली. बाई बघत राहिली, बघत राहिली... आणि मोठ्यानं नाव घेतलं! सातवं बोट मिटलं. हसली. म्हणाली, बुधाजी, चहा घेणार? झालं. बाई सुटली, पोर सुटली, बुधाजीही सुटला.

“अण्णा.”

काय गं?

“आरशीबाई गेल्या तेव्हा कर्फ्यू होता. म्हणून पेटीला चारच खांदे मिळाले. तुम्हीच म्हणालात.”

...

“मग कर्फ्यू उठल्यावर बुधाजीनं नाव सांगितलं कुणाला?”

...

“अण्णा?... अहो, नुसते ओठ हलतायत तुमचे. आवाज काढा ना.”