बिनकाचेचा चष्मा

माझे वडील पडद्यावर सदतीस वेळा मेले. हा आकडा आईचा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती त्या त्या तारखेला फुली मारायची आणि बाबा संध्याकाळी घरी आले की विचारायची, "आज कसे आलात, जिवंत की मरून?" मरून आले असतील तर जेवण जास्त लागतं, असा तिचा अनुभव होता.

एकेचाळीस वर्षं त्यांनी आधी सिनेमात आणि मग मालिकांत काम केलं, पण पोस्टरवर त्यांचा चेहरा कधी आला नाही. हिरोईनच्या वडिलांना तपासून मान हलवणारे डॉक्टर ते असायचे. न्यायाधीश असायचे, मुख्याध्यापक असायचे, सगळी मारामारी संपल्यावर पोचणारे इन्स्पेक्टर असायचे. रस्त्यात लोक त्यांना थांबवायचे, "तुम्ही ते हे ना?" म्हणायचे आणि नाव काही केल्या आठवायचं नाही. मग बाबा गंभीर चेहऱ्याने समोरच्याची नाडी धरायचे आणि सांगायचे, "पाणी भरपूर प्या." लोक खूश होऊन जायचे.

मी त्यांची एकुलती एक मुलगी आणि धंद्याने संकलक. दुसऱ्यांनी चित्रित केलेलं कापायचं आणि जोडायचं, हे माझं काम. बाबांची बरीच दृश्यं माझ्या हाताखालून गेली आणि त्यातली निम्मी मला कापावी लागली, कारण प्रेक्षकांना हिरो बघायचा असतो. म्हणून त्यांनी माझं नाव कात्री ठेवलं. "काय कात्रे, आज किती शिल्लक ठेवलास तुझा बाप?" असं ते फोनवर विचारायचे. दुसऱ्या कोणी मला या नावाने हाक मारली नाही, आणि मारली असती तर मी ओ दिली नसती.

गेल्या वर्षापासून त्यांना विसर पडायला लागला. आधी वार कोणता ते, मग आई जाऊन सहा वर्षं झाली ते, आणि मग मी. मला ते 'ताई' म्हणायला लागले. मी भेटायला गेले की उठून खुर्ची पुढे करायचे, "बसा ना, लांबून आलात" म्हणायचे. इतक्या अदबीने मला आयुष्यात कोणी दुखावलं नव्हतं.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं," आत्या म्हणायची. ती त्यांची धाकटी बहीण, आई गेल्यापासून त्यांच्याकडेच राहते. "परवा मला विचारत होता, तुम्ही माझ्याबरोबर कुठल्या सिनेमात होतात म्हणून. सख्खी बहीण मी."

मला फार काही नको होतं. त्यांनी एकदा, फक्त एकदा, मला कात्री म्हणावं एवढंच हवं होतं.

ज्या मालिकेत ते सहा वर्षं आजोबा होते ती संपत आली, तेव्हा दिग्दर्शक मला भेटायला आला. शेवटच्या भागात बाबांच्या जुन्या कामाचे तुकडे दाखवायचे होते, ते मी निवडून जोडायचे. आणि त्यानंतर एक नवा क्लोजअप. परदेशी गेलेली नात दारातून आत येते आणि आजोबा तिला बघतात.

"संवाद नाही, ताई. नुसतं बघायचंय," तो म्हणाला. मग जरा चाचरत, "तेवढं जमेल ना त्यांना अजून?"

नुसतं बघणं हाच तर बाबांचा खरा धंदा होता. मोठा नट आपले क्लोजअप उरकतो आणि निघून जातो. ज्याच्याशी तो बोलला त्याचे क्लोजअप मागाहून घेतात, तेव्हा समोर कोणी नसतं. कॅमेऱ्याशेजारी एक स्टँड असतो आणि त्यावर डोळ्यांच्या उंचीला चिकटपट्टीची फुली. त्या फुलीकडे बघून रडायचं, दचकायचं, मुलाला माफ करायचं. बाबांनी एकेचाळीस वर्षं अशी चिकटपट्टीवर माया केली, आणि ती माया खरी वाटायची म्हणून त्यांना कामं मिळत राहिली.

"फुलीकडे इतका जीव लावून कसं बघता हो?" मी लहानपणी विचारलं होतं.

"फुलीकडे कोण बघतं?" ते म्हणाले होते आणि चहा प्यायला लागले होते.

मी तुकडे निवडायला बसले. पहिला डॉक्टरचा होता. बाबा मान वर करतात, समोरच्या नातेवाइकांकडे बघतात, आणि त्या एका नजरेत पेशंट गेल्याचं कळतं. मी दृश्य थांबवलं तर त्यांच्या चष्म्यात काहीतरी चमकलं. चष्म्यात प्रतिबिंब येणं ही कॅमेरामनची जुनी डोकेदुखी आहे, म्हणून सवयीने मोठं करून पाहिलं. उंच स्टुलावर एक बाई बसली होती. पिवळा स्वेटर, हात मांडीवर. सगळी बटणं पिवळी, सर्वांत वरचं काळं. चेहरा मात्र बोटाने पुसल्यासारखा.

सेटवर शंभर माणसं असतात. असेल कोणीतरी, म्हणून मी पुढे गेले.

दुसरा तुकडा नऊ वर्षांनंतरचा. वेगळा स्टुडिओ, वेगळा कॅमेरामन, बाबा न्यायाधीश. चष्म्यात पिवळा स्वेटर, काळं बटण.

मग मी तुकडे निवडायचे सोडून शोधायलाच लागले. जेवायची वेळ टळून गेली. एकोणीस सिनेमे आणि मालिका तपासल्या, एकोणीसही ठिकाणी ती होती. बाबांचे केस करडे होत गेले, गाल बसले, ती जशीच्या तशी. सर्वांत जुना सिनेमा माझ्या जन्माच्या तीन वर्षं आधीचा होता. त्यात बाबा एका चष्मेवाल्या शिपायाच्या भूमिकेत साहेबांची शिवी खातात आणि मान खाली न घालता समोर बघत राहतात. समोर ती होती.

माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते मुलीच्या मनात येऊ नये असं होतं. तरी मी आत्याला फोन केलाच. "बाबांचं कोणी होतं का गं?"

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. "त्याला घरातला चमचा सापडत नाही. बाई कुठून सापडणार?"

मग प्रॉपर्टीवाल्या काकांना फोन लावला. सेटवरच्या काठ्या, पेनं, घड्याळं, चष्मे, सगळं त्यांच्या ताब्यात असायचं. आता निवृत्त होऊन घरी असतात. त्यांना विचारलं, बाबांच्या चष्म्यांना कुठली काच बसवत होतात, फार चमकते.

"काच?" काका म्हणाले. "अगं, संकलक ना तू? सेटवरच्या चष्म्याला काच नसते. दिवे दिसतात ना त्यात. तुझ्या बाबांना मी आजवर बारा चष्मे दिले, सगळ्या नुसत्या फ्रेमा. तू तर त्यांतून बोट घालून त्यांचं नाक धरायचीस. विसरलीस?"

मी विसरले नव्हते. ते बोट आणि ते नाक दोन्ही मला चांगलं आठवत होतं. फोन ठेवून मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. जिथे काच नव्हती तिथे ती बाई बसलेली होती.

हे मी कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? एकोणीस तुकडे जोडले आणि क्लोजअपच्या दिवशी दुपारी तीनला बाबांच्या घरी गेले.

बाहेरच्या खोलीत माणसं मावत नव्हती. दिवे लावले होते, म्हणून एसी जोरात सोडला होता. बाबा खुर्चीत बसून मेकअपवाल्याला गाल देत होते. ते मात्र त्यांना व्यवस्थित आठवत होतं, कुठल्या बाजूला मान करायची, कधी डोळे मिटायचे. मी कुडकुडले तशी आत्याने मागून माझ्या अंगावर काहीतरी घातलं. "माझा स्वेटर आहे, कालच धुतलाय. वरचं बटण वेगळंय, चालवून घे." माझं लक्ष बाबांकडे होतं. मी बाह्यांत हात घातले.

त्यांना चष्मा दिला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि सगळीकडे बघून हळूच विचारलं, "अहो, मी कोण आहे यात?"

"आजोबा," दिग्दर्शक म्हणाला. "नात परत येतेय."

"बरं," बाबा म्हणाले. पण दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरून ठेवले होते. त्यांना काही उमगलेलं नाही हे सगळ्यांनाच दिसत होतं.

तेवढ्यात कळलं की फुलीचा स्टँड स्टुडिओतच राहिला. चिकटपट्टीही त्याच पेटीत. सहायक दिग्दर्शिकेने जीभ चावली. "ताई, तुम्हीच बसता का कॅमेऱ्याशेजारी? त्यांना बघायला कोणीतरी हवं."

स्वयंपाकघरातलं उंच स्टूल आणलं. मी त्यावर बसले, हात मांडीवर घेतले. गार लागत होतं म्हणून चाचपडत बटणं लावली. सर्वांत वरचं बटण हाताला जरा मोठं लागलं.

मी खाली पाहिलं.

पिवळी लोकर. पिवळी बटणं. वरचं काळं.

उठावंसं वाटलं. पण कॅमेरा सुरू झाला होता, आणि सेटवर वाढलेली पोर चालू शॉटमधून उठत नाही.

"ॲक्शन."

बाबांनी मान वर केली. नजर भिंतीवरून आली, दिव्यावरून आली, आणि माझ्यावर थांबली. खुर्चीच्या दांड्यांवरचे हात सैल झाले.

"आलीस, कात्रे," ते म्हणाले.

संवाद नव्हता, तरी कोणी थांबवलं नाही. मी म्हटलं, "आले, बाबा."

"बस. मला आता भीती नाही वाटत."

मला दिव्यांची धग लागली. खोलीत गारठा होता तरी लागली. ओल्या रंगाचा आणि प्लायवूडचा वास आला. कोणीतरी अनोळखी आवाजात शॉटचा नंबर पुकारला, मग दुसऱ्या कोणीतरी, मग तिसऱ्या. डोळ्यांत पाणी होतं म्हणून असेल, बाबांचे केस काळे दिसले. मग करडे. मग पुन्हा काळे. मिशी आली, गेली. अंगावर शिपायाचे कपडे होते आणि ते मान खाली न घालता माझ्याकडे बघत होते.

मी नजर काढली नाही. ते एकटे पडले असते.

"कट."

शॉट चाळीस सेकंदांचा झाला होता. मला स्टुलावरून उतरता येईना, पाय दिवसभर बसल्यासारखे आखडले होते. बाबांनी चष्मा काढला, मिटला आणि माझ्याकडे बघून अदबीने म्हणाले, "ताई, चहा घेणार?"

"घेईन," मी म्हटलं. मला वाईट वाटलं नाही. उलट भरून आलं. ते मला विसरले, असं मी वर्षभर धरून बसले होते, आणि इथे माझ्या जन्माच्या आधीपासून ते मला ओळखत होते.

चहा करायला आत गेले तर आत्या रागावलेली. "शॉटच्या वेळीच कुठे गायब झालीस?"

"स्टुलावर तर होते."

"काहीतरीच. मी दारात उभी होते. स्टूल रिकामं होतं. मला वाटलं, रडायला आत गेलीस."

दुसऱ्या दिवशी मी तो क्लोजअप लावून पाहिला. बाबांनी आयुष्यात इतकं सुंदर काम केलं नव्हतं. मी दृश्य थांबवलं, चष्मा मोठा केला. त्यात खिडकी होती, दिवा होता, कॅमेरा होता, आणि कॅमेऱ्याशेजारी आमच्या स्वयंपाकघरातलं स्टूल होतं. त्यावर कोणी नव्हतं. त्या रिकाम्या स्टुलाकडे बघून बाबा हसत होते.

शॉट मी पूर्ण ठेवला. त्यांच्या कामातला हा पहिलाच, ज्याला मी कात्री लावली नाही.

संध्याकाळी आत्याचा स्वेटर परत द्यायचा म्हणून घडी घालायला पलंगावर पसरला. पाठीवर हाताला काहीतरी खरखरीत लागलं. चिकटपट्टीचे दोन तुकडे होते, एकमेकांवर आडवे-उभे, फुलीसारखे. ते पिवळे पडले होते, कडा वाळून उचलल्या होत्या. असली कागदी चिकटपट्टी मिळायची बंद होऊन कैक वर्षं झाली.