साडेसहाची खिडकी

गेलेल्या माणसाचे नाव ही मागे राहिलेल्यांकडे सोपविलेली ठेव असते. ती जपावी, हे सर्वांना मान्य आहे. पण जपणे म्हणजे कुलूपबंद करणे की वापरात ठेवणे, याविषयी सज्जनांतही मतभेद होतात. आणि दोन सज्जन एकमेकांना चोर समजू लागले, की तिसऱ्या कोणीतरी शांतपणे सत्य शोधून देण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

ते काम एका मंगळवारी सकाळी वकीलबाईंकडे आले. त्यांनी वकिली सोडून बारा वर्षे झाली होती. लोकांच्या घरांतले गुंते कोर्टाची पायरी चढण्याआधी सोडवणे, हाच आता त्यांचा व्यवसाय. शेजारचे निवृत्त चित्रकला शिक्षक, ज्यांना सारी गल्ली मास्तर म्हणे, रोज त्यांच्या कचेरीत चहाला येत आणि दिवसभर मदतीला राहत. रोज एक रेखाचित्र काढून मोबाइलवर टाकायचे आणि दर पाच मिनिटांनी किती जणांनी अंगठा दिला ते मोजायचे, हा मास्तरांचा अखंड नेम होता.

"एकोणतीस झाले," मास्तर म्हणाले.

"तुमचा स्वतःचा धरून?" वकीलबाईंनी मान वर न करता विचारले.

मास्तरांनी मोबाइल उलटा ठेवला. तो धरूनच होता.

इतक्यात दारात एक परिचारिका येऊन उभी राहिली. अंगावर रुग्णालयाचा गणवेश, हातात भरलेला अर्ज.

"माझी आई जाऊन अकरा महिने झाले," ती बसता बसता म्हणाली. "आणि ती रोज सकाळी साडेसहाला फोटो टाकते."

मास्तरांचा कप ओठांपाशीच थांबला.

"आठ वर्षं तिचा हा नेम होता," परिचारिका सांगू लागली. "खिडकीतून एक फोटो, खाली दोन शब्द, की लगेच पोस्ट. ती गेली तेव्हा तीन दिवस बंद होतं. चौथ्या दिवशी पुन्हा सुरू!"

"घरी कोण कोण असतं?"

"बाबा आणि धाकटा भाऊ. मी सासरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाबा घड्याळजी होते. तीन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. म्हणजे उरला भाऊ. आईचे जुने फोटो हजारोंनी आहेत, त्यातलेच टाकत असणार. मी विचारलं तर म्हणाला, 'मला काय विचारतेस? स्वतःलाच विचार!' त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे."

"आईंचा फोन?"

"बाबा म्हणतात, कुणालातरी देऊन टाकला. बटणांचा होता, कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलंय." तिने अर्ज टेबलावर ठेवला. "उद्या दुपारी बाराला हा पाठवणार. अकाउंट कायमचं बंद. आणि भावाविरुद्ध पोलिसांत तक्रार. पण त्याआधी खात्री हवी. सख्खा भाऊ आहे हो!"

वकीलबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि मास्तरांचा मोबाइल मागून घेतला.

दोघे तासभर ते फोटो पाहत बसले. समोरच्या इमारतीची गच्ची, तिच्यावरची पाण्याची टाकी आणि वर आकाश.

"रेखाटनातली एक गोष्ट सांगतो," मास्तर म्हणाले. "तिच्या हयातीतल्या फोटोंची चौकट रोज थोडी हलते. माणसाचा हात आहे तो. पण नंतरचे सगळे फोटो एकाच चौकटीतले, केसभर इकडे-तिकडे नाही. जुनाच एक फोटो परत परत टाकतात की काय?"

"टाकी बघा. चार महिन्यांपूर्वीपर्यंत करडी, नंतर निळी. फोटो ताजे आहेत. आणि हा बघा, अर्ध्याहून जास्त पडदाच आलाय. हे दोन तर काळेकुट्ट."

"घाई झाली असेल."

"तीन वेळा? आणि हा मजकूर, 'आज कोवळं ऊन पडलंय.' त्या दिवशी ऊन होतं?"

मास्तरांनी स्वतःचे त्या तारखेचे चित्र शोधून पाहिले. "छे! दाट धुकं. मी नुसतं धुकंच काढलं होतं. कागद कोराच राहिला, म्हणून अंगठेही सातच."

"मजकूर एकूण बारा आहेत आणि ते ओळीने फिरतात." वकीलबाईंनी फोटोखालच्या बारीक ओळीवर बोट ठेवले. कोणत्या फोनवरून पोस्ट आली ते तिथे छापून येई. मॉडेल तेच, कंपनीने बंद केलेले. "आणखी एक. पोस्ट आली की पंधरा मिनिटांच्या आत आठ जण खाली एकेक टिंब टाकतात. रोज तेच आठ. शब्द नाही, अंगठा नाही. फक्त टिंब."

"विचित्र मंडळी," मास्तर म्हणाले.

भाऊ बसचालक होता. डेपोच्या उपाहारगृहात त्याची गाठ पडली.

"साडेसहाला मी पहिल्या फेरीत गाडीवर असतो. पाचला घर सोडतो. डेपोतलं रजिस्टर बघा ना!"

"आईंचा फोन कुठाय?" वकीलबाईंनी विचारले.

त्याने चहात बिस्किट बुडवले आणि ते तुटेपर्यंत तसेच धरून ठेवले. "माहीत नाही."

"घराची दुसरी किल्ली?"

"खालच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या काकांकडे. बाबांना काही लागलं तर म्हणून."

मास्तरांनी अर्थपूर्ण खाकरून घेतले. बाहेर पडताच म्हणाले, "दुरुस्तीवालाच. किल्ली त्याची, फोन त्याचा, डोकं त्याचं."

घराखालचे दुकान चिंचोळे होते. भिंतभर मृत मोबाइल खिळ्यांना टांगलेले. दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर चढवला.

"ते मॉडेल? अहो, रत्न होतं ते! हे बघा, माझ्याकडे एक मेलेलं आहे. पाचाच्या बटणावर ठिपका, न बघता हाताला लागतो. दोनपासून नवापर्यंत प्रत्येक बटणावर एक माणूस बसवायचा; बटण दाबून धरलं की थेट त्याला फोन. आता हे फोनही गेले आणि माणसांचे नंबर पाठ असणारी माणसंही गेली."

"त्याची बॅटरी मिळते?"

"मिळत नाही, शोधावी लागते. यंदा दोन शोधून दिल्या." तो घुटमळला. "वरच्या मुलाला. कुणाला सांगू नका म्हणाला होता."

"आणि वरची किल्ली कधी वापरलीत?"

"एकदाही नाही. दुकानच मी दहाला उघडतो."

वर घड्याळजी खिडकीपाशी बसले होते; परिचारिकाही तिथे येऊन थांबली होती. खोलीत एकच घड्याळ चालू होते, भिंतीवरचे, लांब पेटीचे. त्याला काच नव्हती आणि काट्यांची टोके घासून चकचकीत झाली होती. खिडकीच्या चौकटीवर पितळेच्या दोन छोट्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. पडदा अडकवायची सोय असावी, असे मास्तरांना वाटले.

"काच फुटली का हो?" मास्तरांनी विचारले.

"काढली," घड्याळजी म्हणाले. मग मुलीच्या चाहुलीच्या दिशेने मान वळवून त्यांनी विचारले, "अर्ज कधी पाठवतेस, बाळ?"

"उद्या बारा वाजता, बाबा."

"म्हणजे उद्या सकाळचं होईल," ते पुटपुटले. कशाचे, ते कोणी विचारले नाही.

संध्याकाळी मास्तरांनी त्या आठांपैकी एकीला फोन लावला. एकट्या राहणाऱ्या निवृत्त ग्रंथपाल होत्या त्या.

"फोटो कोण टाकतं? मला ठाऊक नाही हो. बाई गेल्या, हे कळलं होतं. पण चौथ्या दिवशी खिडकी आली, मी टिंब टाकलं. विचारलं असतं तर कदाचित बंद झालं असतं! गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पडले, टिंब टाकता आलं नाही. फोन वाजत होता, उचलता येईना. अर्ध्या तासात वॉचमननं दार तोडलं. म्हणाला, कुणा पुरुषानं फोन करून पाठवलं."

मास्तर उत्साहाने वळले. "पुरुषाचा आवाज! वकीलबाई, भाऊ किंवा दुरुस्तीवाला. तिसरा पुरुष या गोष्टीत नाही."

"आहे की," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी बसचालक भावाला रजा टाकायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सगळे घड्याळजींच्या खोलीत जमले. बहीण एका भिंतीला, भाऊ दुसरीला.

"घड्याळजी," वकीलबाई म्हणाल्या, "तुमच्या पाठीमागे काही बोलणार नाही, म्हणून तुमच्यासमोरच सांगते. चुकलं तर थांबवा."

वृद्धाने मान हलवली.

"फोटो ताजे आणि याच खिडकीतले. साडेसहाला मुलगा गाडीवर, मुलगी दूर, दुकान बंद. म्हणजे त्या वेळी घरात एकच माणूस असतो. आपण त्यालाच सोडून दिलं, कारण त्याला दिसत नाही. पण सगळ्या खुणा नेमकं हेच सांगत होत्या! डोळस माणूस काळाकुट्ट फोटो पाठवत नाही. पडदा आडवा आला तर बाजूला करतो. धुक्यात कोवळं ऊन लिहीत नाही. हे बारा मजकूर बाईंनी फोनमध्ये साठवून ठेवले असणार; तुम्ही बटण मोजून पुढचा निवडता."

परिचारिका वडिलांकडे वळली.

"चौकट हलत नाही, कारण फोन हातात नसतो. तो या पितळी पट्ट्यांत बसतो. वेळ कळते, कारण तुम्ही घड्याळाची काच काढून काटे चाचपता. आणि हाच बंद केलेल्या मॉडेलचा फोन का? कारण त्याला बटणं आहेत. आठ बटणं, आठ माणसं. टिंब आलं की फोन वाजत असणार."

"त्या आठांपुरताच आवाज ठेवला होता तिनं," घड्याळजी हळू म्हणाले. "आठही एकटी राहणारी माणसं. आठ वेळा वाजलं की समजायचं, सगळे उठले. कमी वाजलं तर दोनपासून नवापर्यंत एकेक बटण दाबायचं. जो उचलणार नाही, त्याच्या शेजाऱ्याला कळवायचं. शेजाऱ्यांचे नंबर तिनं माझ्याकडून पाठ करून घेतले. माझी नजर गेल्यावर म्हणाली, 'आता हे काम दोघांचं.' शेवटच्या तापातही तिनं एकच विचारलं, 'किती वाजले?' घड्याळातले नव्हे. टिंबं किती वाजली, ते विचारत होती."

चाळीस वर्षे मास्तरांनी मुलांना पाहायला शिकवले होते. अंधारात बसून आठ दारांवर लक्ष ठेवणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?" मुलीने विचारले.

"तेराव्या दिवशी तू म्हणालीस, त्या मोबाइलनं आईची झोप खाल्ली, ते सगळं बंद करा. आणि सांगितलं असतं तर तुम्ही प्रेमानं नवा फोन आणून दिला असतात. त्या गुळगुळीत काचेवर माझं बोट आंधळं होतं, बाळ."

भाऊ खाली मान घालून म्हणाला, "बॅटऱ्या मीच आणल्या. बाबा आईची आठवण म्हणून फोन जवळ ठेवतात, एवढंच मला माहीत होतं. तू काढून घेशील म्हणून बोललो नाही. आणि आईच्या नावानं तूच लिहितेस, असं वाटायचं, ताई."

"मी? गाढवा, मला आईसारखं दोन शब्दांत कधी बोलता आलंय का?"

तो हसला, आणि अकरा महिन्यांनी दोघे एकाच भिंतीपाशी आले.

"साडेसहाला दोन मिनिटं आहेत," घड्याळजींनी काट्यावर बोट ठेवून सांगितले. मग घड्याळाच्या पेटीत, लंबकाच्या खाली हात घालून फोन काढला आणि पट्ट्यांत बसवला.

"थांबा बाबा, पडदा मध्ये आलाय." मुलीने तो बाजूला सारला. "आज खरंच कोवळं ऊन आहे."

"मग योग आला, आज पाळीही त्याच मजकुराची," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबले.

एक. दोन. तीन. फोन वाजत राहिला. चार, पाच, सहा ओळीने आले. मग सात. मग काहीच नाही. लंबक हलत होता. घड्याळजींचा अंगठा दोनाच्या बटणावर गेला. परिचारिका पुढे झाली. त्या क्षणी तिला उमगले, की बारा वाजता ती नेमके काय बंद करणार होती.

आठ.

"हे नवाचं बटण," घड्याळजी दिलखुलास हसून म्हणाले. "गृहस्थ रोज चहा पिऊन मग टिंब टाकतात."

मुलीने अर्जाची चौघडी करून ती पर्समध्ये खोल सारली आणि कोरा कागद काढला. "बाबा, शेजाऱ्यांचे नंबर सांगा. हा फोन कधीतरी थांबेल. तेव्हा आम्हा दोघांनाही ते पाठ हवेत."

"दोनापासून सांगू?"

"दोनापासून," भाऊ म्हणाला आणि खाली बसला.

जिना उतरताना मास्तरांचा मोबाइल खिशात दोनदा किणकिणला. त्यांनी तो काढला नाही. रस्त्यावर येऊन त्यांनी वर पाहिले; खिडकीत तीन डोकी एका कागदावर वाकली होती.

त्या आठ दारांना रोज सकाळ लाभो, त्या वृद्धाच्या बोटांना बटण सापडत राहो, आणि जिने ही वात लावून दिली, तिचे नाव असेच वापरात राहो.