नायकाला ओळ सुचेना

शनिवार, सकाळचे साडेनऊ. वडशाच्या शाळेत, सातवीच्या वर्गात, नट इसरू मेश्राम संवाद विसरला.

तो आला होता बाकं मागायला. त्या रात्रीच्या नाटकासाठी हवी होती. बाकं गोळा करणं हे नाटक मंडळीच्या नायकाचं काम नव्हे. तरी १९८५च्या त्या हिवाळ्यात तो स्वतः आला. मुख्याध्यापक नव्हते. व्हरांड्यात भेटल्या मराठीच्या चंदा रामटेके.

"बाकं मिळतील, मेश्राम. पण आधी वर्गात या. नाटकाचे घटक शिकवतेय, आणि पोरं जांभया देताहेत."

अख्खं गाव त्याला इसरूभाऊ म्हणे. ही एकटीच मेश्राम म्हणाली... त्याला ते आवडलं.

फळ्यावर तिचं टपोरं अक्षर होतं: कथानक, पात्र, संवाद, संघर्ष. त्यानं 'पात्र' या शब्दावर बोट ठेवलं, दुपट्टा डोक्याला गुंडाळला, छाती काढली — आणि वर्गात गावचा जमीनदार, मालगुजार उभा राहिला. मागची पोरं चक्क उठून उभी राहिली. दुपट्टा डोक्यावरून पदरासारखा घेतला, तर तीच पावलं म्हातारीची झाली. चंदाच्या हातातला खडू तसाच राहिला. तीन हिवाळे ती बायकांच्या गर्दीतून हा माणूस रंगमंचावर पाहत आली होती. इतक्या जवळून आजच.

"आता संवाद," ती म्हणाली.

त्यानं पहिली ओळ फेकली... आणि थांबला. मान झुकली, कान जमिनीकडे गेला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात रंगमंचाच्या पुढ्यात, खाली प्रॉम्प्टर बसतो. तो ओळ पुरवतो, नट तिचं सोनं करतो. इथं खाली नुसती फरशी होती. वर्ग खदखदून हसला.

"भाऊ, मंग तुमच्या मनातलं बोला ना!" पहिल्या बाकावरची रुखमा म्हणाली.

"मनातलं? थे तं कोनी लिहूनच देल्लं नाई, पोरी."

चंदा हसली नाही. "आणि संघर्ष म्हणजे?" तिनं वर्गाला विचारलं.

"एकाले काई पाह्यजे, अन् मधात काई आडवं येते!" पुन्हा रुखमाच.

"बरोबर," इसरू म्हणाला... चंदाकडे पाहत.

तास संपल्यावर फाटकाशी बाकं बैलबंडीत चढत होती. चंदा हळूच म्हणाली, "उद्या राजुऱ्याहून पाहुणे येऊन राह्यले. मले पाहाले."

"उद्या? उद्या आमची मंडळी सिरोंच्याकडं जाऊन राह्यली. होळीलोक वापस येनं नाई..."

त्याची मान ओळ ऐकायला पुन्हा झुकली.

"'त्याईले नाई म्हना'," चंदा पुटपुटली, प्रॉम्प्टरसारखी.

"त्याईले नाई म्हना!" तो एवढं खणखणीत बोलला की बैल दचकले.

"हे माझं वाक्य झालं, मेश्राम. तुमचं कुठी हाये? बाबापुढं बोलाले कोनी तं पाह्यजे."

"लय कडक हायेत म्हनते बाबा."

"मालगुजारापेक्षा?"

"थो मालगुजार तं मीच होतो ना, बाई!"

आता ती हसली. "मी आतल्या खोलीत असीन. पन ओळ सांगनार नाई."

रविवारी दहाच्या सुमारास राजुऱ्याचे पाहुणे रामटेक्यांच्या ओसरीवर बसले. चौकात मंडळीचा ट्रक उभा होता. नायकाची जागा रिकामी. इसरू रामटेक्यांच्या अंगणात होता, चंदाच्या बाबांसमोर. आतल्या दाराचा पडदा हलला, पण आवाज आला नाही.

ट्रकचा भोंगा वाजला. इसरूनं मान सरळ ठेवली आणि मनातलं बोलायला तोंड उघडलं.